तेरा स्प्रिंट आणि दवा बाजार: एका प्रशिक्षण सेवेचे परीक्षण

इंदूरच्या विजयनगर भागात आमची चौदा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिले, साठा आणि परतीचा माल यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली आम्ही गेली अकरा वर्षे तयार करत आहोत आणि आमचे बहुतेक ग्राहक इथल्या दवा बाजारातले, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारपेठेतले आहेत. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५ या सहा महिन्यांसाठी आम्ही बाहेरगावच्या एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली. सगळे आधी लिहून मग सगळे बांधायचे ही आमची जुनी पद्धत मोडून, थोडे बांधायचे, दाखवायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा थोडे बांधायचे अशी सवय (हिलाच ‘अजाइल’ पद्धत म्हणतात) आम्हाला लावून देणे हे त्या संस्थेचे काम होते. दोन दिवसांची कार्यशाळा, त्यानंतर दर दोन आठवड्यांनी प्रशिक्षकाची एक फेरी आणि मधल्या काळात फोनवर सल्ला, असे सेवेचे स्वरूप होते. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण निवड करताना आम्ही तीन संस्थांचे प्रस्ताव वाचले होते आणि तिन्हींचा आराखडा जवळजवळ सारखाच होता. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या एकाच दाराशी नेऊन ठेवणे बरोबर होणार नाही.

आधी आम्ही कसे काम करत होतो ते सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल ठरवता येणार नाही. ग्राहकाच्या गरजा लिहून घ्यायच्या, त्या दस्तऐवजावर त्याची सही घ्यायची, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी आणि शेवटी मुहूर्त पाहून त्याच्या दुकानात प्रणाली चालू करायची, असा क्रम ठरलेला होता. २०२३ च्या मार्चअखेरीस एका घाऊक व्यापाऱ्याने आमच्या १४० पानी दस्तऐवजावर सही केली आणि दिवाळीपूर्वी काम पुरे करून देण्याचे आम्ही कबूल केले. १० मे रोजी अधिसूचना निघाली आणि १ ऑगस्टपासून पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक झाले. तोपर्यंत ती मर्यादा दहा कोटींची होती आणि आमचा ग्राहक सात-साडेसात कोटींच्या आसपास होता, म्हणून ‘ई-इन्व्हॉइसचा विचार पुढील टप्प्यात करण्यात येईल’ असे एक वाक्य लिहून आम्ही त्या विषयातून मोकळे झालो होतो. त्या एका वाक्याने आमचे तीन महिने खाल्ले. हे काम मूळ किमतीत धरायचे की वेगळे, यावर पत्रव्यवहार झाला, साठ्याचा आराखडा उसवावा लागला, आणि दिवाळीत द्यायची प्रणाली आम्ही पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत दिली. ग्राहक सभ्य होते म्हणून संबंध टिकले, पण पैशांचा शेवटचा हप्ता त्यांनी बराच लांबवला आणि त्यांना दोष देता येईल अशी आमची स्थिती नव्हती.

कार्यशाळा १५ आणि १६ फेब्रुवारीला आमच्याच कार्यालयात झाली. प्रशिक्षक पुण्याकडचे, बोलायला मोकळे आणि वेळेचे पक्के होते. आमच्या इंदुरी मराठीतले ‘करून राहिलो आहे’ ऐकून पहिल्या दिवशी त्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते स्वतःच गमतीने तसे बोलू लागले. पहिल्या दिवसाचा उत्तरार्ध उत्तम होता. आमच्याच एका जुन्या कामाचे तुकडे पाडायला त्यांनी आम्हाला बसवले आणि ‘हा तुकडा दोन आठवड्यांनी कोणाच्या हातात देता येईल?’ एवढा एकच प्रश्न ते प्रत्येक चिठ्ठीवर विचारत राहिले. आमचे तुकडे डेटाबेस, सर्व्हर, पडदे असे थरांप्रमाणे पाडलेले होते आणि त्यांतला एकही एकटा कोणाच्या उपयोगाचा नव्हता. ‘एका कंपनीचा, एका किरकोळ दुकानदाराकडून आलेला परतीचा माल नोंदवता येणे’ हा तुकडा छोटा असला तरी वरपासून खालपर्यंत पूर्ण आहे, हे समजायला आम्हाला तीन तास लागले. त्या तीन तासांसाठी दिलेले पैसे वसूल झाले असे मी मानतो.

इतिहासाच्या तासाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी वॉटरफॉल पद्धत, म्हणजे एक टप्पा पुरा झाल्यावरच पुढचा घेण्याची आमचीच जुनी पद्धत, शोधली आणि जगाला तीस वर्षे चुकीच्या मार्गाला लावले, असे प्रशिक्षकांनी सांगितले. रॉइस यांच्या त्या वर्षीच्या निबंधात एकाखाली एक उतरणाऱ्या टप्प्यांची आकृती आहे हे खरे, पण ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्यात नाही, आणि आकृतीनंतर लगेचच असे सरळ उतरत जाणे धोक्याचे असून त्याने अपयशाला आमंत्रण मिळते अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. काम नवे असेल तर ते दोनदा करावे, म्हणजे ग्राहकाच्या हाती पडणारी आवृत्ती प्रत्यक्षात दुसरी असेल, असाही सल्ला त्यांनी दिला आहे. ज्या माणसाने सावध केले त्यालाच आरोपी ठरवण्याची ही चूक सर्वत्र आढळते, परंतु पैसे घेऊन शिकवणाऱ्याने निबंधाची अकरा पाने वाचावीत ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरी गोष्ट नियमांची. आम्हाला शिकवलेल्या अजाइल पद्धतीचे नाव स्क्रम; तिची अधिकृत मार्गदर्शिका केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिली आहे, ती विनामूल्य मिळते आणि नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती जेमतेम १४ पानांची आहे. ‘काल काय केले, आज काय करणार, अडचण काय’ हे रोजच्या बैठकीतले तीन प्रश्न त्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले, तरी आमच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लावले गेले. कामाचा आकार मोजण्याच्या स्टोरी पॉइंटचा मार्गदर्शिकेत उल्लेखही नाही, तरी तो नियम म्हणून शिकवला गेला आणि आकडे छापलेले पत्ते दाखवून अंदाज बांधण्यात आमचे पहिले दोन महिने गेले. पुढे आम्ही ते पत्ते ड्रॉवरमध्ये टाकले आणि तुकडे साधारण सारख्या आकाराचे पाडून नुसते मोजू लागलो. अंदाज आधीपेक्षा वाईट झाले नाहीत.

वेळापत्रकाबाबत एक किस्सा. १९ फेब्रुवारीच्या बुधवारी पहिला स्प्रिंट, म्हणजे कामाचा दोन आठवड्यांचा टप्पा, सुरू झाला आणि दर दुसऱ्या बुधवारी प्रात्यक्षिक असे तेरा स्प्रिंटांचे सुबक पत्रक प्रशिक्षकांनी आम्हाला दिले. दुसरे प्रात्यक्षिक १९ मार्चला येत होते. त्या दिवशी रंगपंचमी होती. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी इंदुरात कोण कोणाला सॉफ्टवेअर दाखवणार? पत्रकावर आमच्यापैकीही कोणी बोट ठेवले नव्हते, म्हणून ही चूक निम्मी आमची. प्रात्यक्षिक शुक्रवारवर ढकलले, आणि या ढकलण्यातूनच सहा महिन्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट घडली.

पहिले प्रात्यक्षिक आम्ही कार्यालयातच, आपसांत केले होते. गरजांचे दस्तऐवज आजवर लिहिणाऱ्या आमच्या सहकारी आता ‘प्रॉडक्ट ओनर’, म्हणजे आधी काय बांधायचे ते ठरवणाऱ्या, झाल्या होत्या आणि ग्राहकाचा आवाज म्हणजे त्याच, असे प्रशिक्षकांचे म्हणणे होते. शुक्रवारी मात्र प्रशिक्षक येऊ शकणार नव्हते. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “दादा, ते नाहीत तर नाहीत, आपण लॅपटॉप घेऊन दुकानातच जाऊ या ना.” आम्ही दवा बाजारात गेलो. परतीच्या मालाचा पडदा तयार होता: दुकानदाराचे नाव, औषध, बॅच क्रमांक, संख्या. बॅच क्रमांक भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, कारण दस्तऐवजात तसेच लिहिलेले होते आणि हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यही होते. दुकानाचे मालक साठीचे, आमच्याशी मराठीत बोलणारे गृहस्थ. त्यांनी पडदा पाहिला, काही न बोलता मागून एक खोका आणला आणि गल्ल्याशेजारी उपडा केला. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या कापलेल्या पट्ट्या होत्या, कुठे चार गोळ्या तर कुठे तीन. “बॅच नंबर ज्या टोकाला छापलेला असतो ते टोक गिऱ्हाइकाबरोबर गेलं,” ते म्हणाले, “आता भरा काय भरायचं ते.”

अकरा वर्षे आम्ही या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर लिहितो आहोत आणि हा खोका आम्ही कधी पाहिला नव्हता. आमच्या दस्तऐवजांत तो कधी आला नाही, कारण विचारले तर व्यापारी ‘हो, बॅच लागते’ असेच सांगतो, आणि ते खरेच असते. मग त्यांचा मुनीम हे काम कसे करतो ते आम्ही तासभर पाहिले. तो पट्टीवर उरलेल्या अक्षरांवरून औषध ओळखतो, त्या दुकानदाराला गेल्या दोन वर्षांत त्या औषधाच्या कोणत्या बॅच दिल्या होत्या ते जुन्या बिलांत पाहतो आणि जी मुदत जुळेल ती धरतो. पुढच्या स्प्रिंटमध्ये आम्ही नेमके तेवढेच बांधले: दुकानदार आणि औषध निवडले की त्याला विकलेल्या बॅच मुदतीच्या क्रमाने समोर येतात आणि मुनीम त्यांतली एक निवडतो. २ एप्रिलला तोच खोका पुन्हा काढला गेला आणि मुनिमाने तो चहा येईपर्यंत संपवला. त्यानंतरची सगळी प्रात्यक्षिके आम्ही ग्राहकाच्या दुकानातच केली.

हे श्रेय सेवेला किती द्यावे, याचा मी बराच विचार केला आहे. दर दोन आठवड्यांनी दाखवण्याजोगे काहीतरी तयार असण्याची शिस्त त्यांनी लावली नसती तर आमच्याकडे दुकानात न्यायला काही नसते, हे मान्य करावे लागते. पण ते दाखवायचे कोणाला, हा प्रश्न त्यांच्या आराखड्यात दुय्यम होता. स्प्रिंटच्या शेवटी हितसंबंधितांना बोलवावे असे मार्गदर्शिकाच सांगते; आमच्या पत्रकावर त्या जागी फक्त कॉन्फरन्स रूमचे नाव होते.

जिथे ही सेवा खरोखर चांगली ठरली ती जागा म्हणजे आमचे आपसांतले बोलणे. रोजची पंधरा मिनिटांची बैठक पहिल्या महिन्यात चाळीस मिनिटे चालत असे आणि त्याला कारण मी होतो, कारण कोणी अडचण सांगितली की ती तिथेच सोडवायला घेण्याची मला खोड आहे. प्रशिक्षकांनी मला टोकले नाही. ते दोन दिवस नुसते उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी एकदा शांतपणे म्हणाले, “तुम्ही दोघं बसून बोला, बाकीच्या बारा जणांना सोडा.” तेवढे पुरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आत्मपरीक्षणाच्या बैठकीतून पहिल्या तीन वेळा त्यांनी आम्हा दोन्ही भागीदारांना बाहेर बसवले. आम्हाला ते आवडले नाही. तिसऱ्या बैठकीनंतर भिंतीवर राहिलेल्या चिठ्ठ्यांत एका नव्या मुलाच्या अक्षरात लिहिले होते: ‘ग्राहकाला तारीख सांगण्याआधी आम्हाला विचारा.’ ती चिठ्ठी अजून तिथेच आहे आणि तारीख सांगण्याची माझी सवय बरीचशी सुटली आहे. प्रॉडक्ट ओनरच्या निर्णयावर आम्ही भागीदार फोन करून पाणी फिरवतो, हेही त्यांनीच आमच्या तोंडावर सांगितले. सेवेचा ग्राहक असलेल्या माणसाला असे सांगायला धैर्य लागते.

आता उणिवा. पहिली चाचणीची, आणि ती गंभीर आहे. वर्षातून एकदा प्रणाली द्यायची असेल तेव्हा महिनाभर बसून सगळे हाताने तपासता येते; दर दोन आठवड्यांनी द्यायची असेल तर नवे जेवढे बांधले तेवढे तपासून भागत नाही, जुने सगळे अजून शाबूत आहे की नाही हेही दर वेळी पाहावे लागते. आमच्याकडे तपासणारा एक जण आणि तपासायच्या बाबी दोनशेहून जास्त. पाचव्या स्प्रिंटमध्ये ‘दहावर एक मोफत’ या स्कीमचा हिशेब बदलताना क्रेडिट नोटची (परतीच्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या कागदाची) बेरीज पैशांत चुकू लागली आणि ती चूक ग्राहकाच्या मुनिमाने पकडली, आम्ही नाही. प्रशिक्षकांना विचारले तेव्हा ‘गुणवत्ता ही संपूर्ण टीमची जबाबदारी आहे’ असे उत्तर मिळाले. वाक्य निर्दोष आहे, पण त्याने बेरीज दुरुस्त होत नाही. केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या आपल्या अजाइल पद्धतीत आधी चाचणी लिहिण्यावर आणि प्रत्येकाचे काम सतत एकत्र करून तपासण्यावर इतका भर का दिला, हे आम्हाला त्या आठवड्यात कळले. स्वयंचलित चाचण्या लिहायला आम्ही स्वतः शिकलो, त्यात तीन महिने वेग निम्म्यावर आला, आणि सहा महिन्यांच्या सेवेत या विषयाला एक दिवसही राखलेला नव्हता. बैठका बदलल्या आणि हत्यारे तीच राहिली तर दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांनी नवी चूक पोहोचवण्याची सोय होते.

दुसरी उणीव कराराची. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे सतरा जणांनी मिळून जो अजाइल जाहीरनामा लिहिला, त्यातल्या चार मूल्यांपैकी एक असे आहे की कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्य अधिक मोलाचे. कार्यशाळेत ते आम्हाला सुरेख अक्षरांत दाखवण्यात आले. परंतु आमच्या करारात तीस टक्के आगाऊ, तीस टक्के दस्तऐवजावर सही झाल्यावर आणि चाळीस टक्के प्रणाली चालू झाल्यावर, असे हप्ते होते. आता तो दस्तऐवजच राहिला नाही, तर दुसरा हप्ता मागायचा कशावर? एका ग्राहकाच्या सीएने नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारला असता. निश्चित किंमत, निश्चित तारीख आणि मोकळे काम या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. त्यांतली कोणती सैल करायची हे व्यापाऱ्याला त्याच्या भाषेत पटवावे लागते. आम्ही सल्ला मागितला तेव्हा हा विषय सेवेच्या कक्षेबाहेरचा असल्याचे कळवण्यात आले. शेवटी आम्हीच मार्ग काढला: एकूण रकमेला कमाल मर्यादा, बिल दर दोन स्प्रिंटांनी, आणि कोणत्याही बिलानंतर दोन्ही बाजूंना थांबण्याची मुभा. चारपैकी तीन ग्राहकांनी ते मान्य केले. चौथ्यांना सहीचा दस्तऐवजच हवा आहे आणि त्यांचे काम आम्ही आजही जुन्या पद्धतीने करतो.

सेवा २० ऑगस्टला संपली आणि तिची खरी परीक्षा दोनच आठवड्यांनी झाली. ३ सप्टेंबरच्या बुधवारी आमचे प्रात्यक्षिक दुपारी आटोपले आणि त्याच रात्री जीएसटी परिषदेचे निर्णय जाहीर झाले: बहुतेक औषधांवरील कर बारा टक्क्यांवरून पाच टक्के, काही जीवनरक्षक औषधांवर शून्य, आणि अंमल २२ सप्टेंबरपासून. हातात एकोणीस दिवस होते. दर बदलणे हे काम नव्हतेच. ते कोणीही एका दुपारी करील. काम होते ते जुना आणि नवा दर एकाच वेळी सांभाळण्याचे, कारण जुन्या बिलावरचा माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी आणि गोदामातल्या पट्ट्यांवर छापलेली किंमत एक तर बिलावरची दुसरी असणार होती. गुरुवारी सकाळी प्रॉडक्ट ओनरने ठरलेली यादी भिंतीवरून उतरवली, फक्त तीन चिठ्ठ्या लावल्या आणि त्यावर पाणी फिरवायला आम्हा भागीदारांपैकी कोणी फोन केला नाही. १० सप्टेंबरला अर्धवट काम दवा बाजारात दाखवले, तेव्हा कळले की व्यापाऱ्यांना कंपन्यांकडून नव्या किमतींच्या याद्या तुकड्यातुकड्यांनी येत आहेत, म्हणून एकदम सगळ्या किमती बदलणारा आमचा पडदा निरुपयोगी आहे. तो टाकून कंपनीनिहाय केला. १७ तारखेला प्रणाली चारही दुकानांत पोहोचली आणि २२ ला, घटस्थापनेच्या सकाळी, पहिली बिले नव्या दराने निघाली. एका दुकानात छपाईतला जुना दर तसाच राहिला होता. तो दुपारपर्यंत दुरुस्त केला. २०२३ चा ऑगस्ट आठवून मी त्या दिवशी मुद्दाम दवा बाजारात जाऊन बसलो होतो, पण मला करण्यासारखे काही उरले नव्हते.

खर्चाचे सांगायचे तर प्रशिक्षकाचा प्रवास आणि मुक्काम वेगळा पडला, वर अठरा टक्के जीएसटी होता, आणि शिकण्याच्या काळात मंदावलेला वेग हा सर्वांत मोठा खर्च कोणत्याही प्रस्तावात लिहिलेला नव्हता. आमच्याएवढ्या आकाराच्या कंपनीने ही सेवा घेऊ नये असे मी म्हणणार नाही. कार्यशाळेचा पहिला दिवस आणि पहिले सहा-सात स्प्रिंट यांसाठी बाहेरचा माणूस हवाच, कारण मालकाला गप्प बसवणे घरच्यांना जमत नाही. त्यानंतरच्या महिन्यांचे पैसे मात्र स्वयंचलित चाचणी शिकवणाऱ्या एखाद्या जाणकार अभियंत्यावर खर्च करावेत, आणि करार करण्याआधी पहिले प्रात्यक्षिक कोणाच्या दुकानात होणार हे लेखी विचारून घ्यावे.

संस्थेने आम्हाला पुढच्या वर्षभरासाठी नूतनीकरणाचा प्रस्ताव पाठवला होता. तो आम्ही नाकारला आणि तिमाहीतून एक दिवस फक्त आत्मपरीक्षणाची बैठक चालवायला तेच प्रशिक्षक येतील का, अशी विचारणा केली. असे स्वतंत्र पॅकेज त्यांच्याकडे नाही, असे उत्तर आले आहे. बोलणी सुरू आहेत.